तुम्ही विचारा : जगात फक्त एकाच दरीत राहणारा कोळी

मागच्या अंकात बेटांवरच्या जीवांबद्दल लिहिताना मी देझेर्ता ग्रांदे नावाच्या बेटावरच्या एका मोठ्या कोळ्याचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, दोनच ओळी होत्या, पण त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची उत्तरं लांबली आहेत, चालवून घ्या.

प्रश्न : हा कोळी खरंच जगात दुसरीकडे कुठेच नाही का? आणि समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर कोळी पोचला तरी कसा? — चिपळूणहून एक वाचक

हो दादा, खरंच नाही. बेट पोर्तुगालचं आहे पण पोर्तुगालपासून खूप लांब, अटलांटिक महासागरात मादेइरा म्हणून बेटांचा समूह आहे, मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून ६०० किलोमीटरच्या वर. मादेइराच्या आग्नेयेला देझेर्ताश नावाची तीन लांबुडकी, उघडीबोडकी बेटं आहेत, त्यातलं सगळ्यात मोठं ते देझेर्ता ग्रांदे. मोठं म्हणजे तरी किती, साधारण १० चौरस किलोमीटर. गाव नाही, वस्ती नाही, राखणदार असतात तेवढेच, आणि चहूबाजूंनी कडे सरळ समुद्रात उतरलेले. या बेटाच्या उत्तर टोकाला वाले दा काश्तान्येइरा नावाची एक दरी आहे आणि आपला कोळी फक्त त्या दरीत राहतो. म्हणजे 'एका बेटावरचा' हे सुद्धा जास्तच झालं, बेटाच्या बाकीच्या भागातही तो नाही. शास्त्रीय नाव होग्ना इंजेन्स, इंग्रजीत डेझर्टास वुल्फ स्पायडर म्हणतात, १८५७ साली जॉन ब्लॅकवॉल या इंग्रज कोळी-अभ्यासकाने त्याची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली.

आता पोचला कसा. ही बेटं ज्वालामुखीतून समुद्रातच वर आलेली आहेत, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथे जे काही जिवंत आहे ते एकतर उडत आलं, नाहीतर वाहत आलं, नाहीतर माणसाने आणलं. कोळ्यांच्या पिल्लांची एक कमाल असते, ती उंच जागी चढून पोट वर करतात आणि रेशमाचा बारीक धागा हवेत सोडतात, वारा लागला की धाग्यासकट पिल्लू उचललं जातं आणि मग जाईल तिकडे जातं. १८३२ साली डार्विन ज्या बीगल जहाजावर होता ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० मैल दूर असताना त्याच्या दोरखंडांवर असेच हजारो बारके कोळी येऊन उतरले होते, डार्विनने ते लिहून ठेवलंय. देझेर्ताशच्या कोळ्याचे पूर्वजही बहुधा असेच वाऱ्यावर किंवा एखाद्या वाहत्या ओंडक्यावर आले असणार, आणि मग लाखो वर्षं बाकी जगापासून तुटलेले राहिले की त्यांची वेगळीच जात तयार होते. मादेइराच्या बेटांवर होग्ना गटातल्या अशा बऱ्याच जाती आहेत ज्या दुसरीकडे सापडत नाहीत, आणि २०२२ मध्ये याच देझेर्ता ग्रांदेवरून आणखी एक जात नव्याने नोंदली गेली, होग्ना इसांबेर्तोई. एवढंसं बेट आणि अजून त्याच्यावर नवे कोळी सापडताहेत, मला ही गोष्ट फार भारी वाटते.

प्रश्न : काका, तो कोळी केवढा असतो? चावला तर माणूस मरतो का? आणि तो पाल खातो हे खरं आहे का? — इयत्ता सातवी, डोंबिवली

बाळा, प्रश्न मस्त विचारलेस. नुसतं अंग ४ सेंटिमीटरपर्यंत आणि पाय पसरले की १२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तुझ्या कंपासपेटीतली पट्टी काढून १२ वर बोट ठेव आणि बघ. वुल्फ स्पायडरच्या कुळात जगात जे सगळ्यात मोठे आहेत त्यात याचा नंबर लागतो. रंग काळा-करडा आणि पायांवर पांढरे ठिपके-पट्टे, त्यामुळे फोटोत फार देखणा दिसतो.

विष असतंच, जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण ते भक्ष्यासाठी. वुल्फ स्पायडरचं विष माणसाचा जीव घेणारं नसतं, चावलाच तर दुखेल आणि सुजेल. आणि तो माणसामागे धावत वगैरे येत नाही, आपण दिसलो की दगडाखाली पळतो.

जाळं विणून वाट बघत बसणारा हा कोळी नाही, हा पायी शिकार करतो. आठ डोळे असतात, खाली चार छोटे एका ओळीत, त्यांच्यावर दोन मोठ्ठे आणि त्याच्याही वर मागच्या बाजूला दोन, त्यामुळे कमी उजेडातही नजर चांगली. भुंगेरे, पैसा किडा (आपण पावसाळ्यात हात लावला की गुंडाळी होतो तो) आणि इतर किडे हे रोजचं जेवण. आणि हो, तिथल्या सरड्यांची लहान पिल्लं मिळाली तर तीही खातो, हे खरं आहे. त्या दरीत जमिनीवर चालणाऱ्या किड्यांच्या जगातला तोच सगळ्यात मोठा शिकारी.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मला सांगायचीच आहे. मादी अंड्यांची गोल पिशवी बनवते आणि ती पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून सगळीकडे घेऊन फिरते, अंडी फुटली की सगळी पिल्लं आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जाऊन बसतात आणि काही दिवस तिथेच असतात, आई तशीच त्यांना घेऊन धावते. सगळ्या वुल्फ स्पायडर कुळात असं असतं.

प्रश्न : मी शेतकी कॉलेजमध्ये शिकतो. तुम्ही लिहिलंत की गवतामुळे कोळी संपत चाललाय. गवताने कोळी कसा संपेल, उलट गवतात किडे वाढतात ना? आणि गवतच असेल तर जाळून टाका नाहीतर बकऱ्या सोडा, यात एवढं अवघड काय आहे? — कोल्हापूर

मित्रा, तुझा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि याचं उत्तर जरा सविस्तर देतो कारण खरी गोष्ट इथेच आहे.

त्या दरीत पूर्वी कसं होतं, दगड, मातीच्या भेगा आणि त्यात अधूनमधून स्थानिक झाडंझुडपं, खुरटं गवत. होग्ना इंजेन्सला हेच लागतं. तो दिवसा दगडाखाली, भेगेत लपतो आणि रात्री मोकळ्या जमिनीवर येऊन शिकार करतो. मग माणसं बेटावर येत-जात राहिली, खायला मिळावं म्हणून बकऱ्या आणि ससे सोडले, त्यांनी स्थानिक वनस्पती कुरतडून साफ केल्या, आणि बाहेरचं एक गवतही तिथे आलं, फालारिस अक्वाटिका, हे मूळचं चाऱ्याचं गवत आहे आणि जगात बऱ्याच ठिकाणी मुद्दाम लावलं जातं. बेटाचं नुकसान थांबवायचं म्हणून १९९६ मध्ये देझेर्ता ग्रांदेवरून ससे पूर्णपणे काढून टाकले, निर्णय बरोबरच होता कारण ससे बेट उजाड करत होते, पण मग गवत कुरतडणारे ससे उरले नाहीत आणि गवताला मोकळं रान मिळालं. तू गाजर गवत बघितलंयस ना पडीक जमिनीवर कसं पसरतं, तसंच समज, एकदा बसलं की दुसऱ्या कशाला जागा देत नाही.

आता किड्यांचं म्हणतोस ते गवतात उड्या मारणाऱ्या आणि पानं खाणाऱ्या किड्यांबद्दल ठीक आहे. पण या कोळ्याचा प्रॉब्लेम खाण्याचा नाही, घराचा आहे. फालारिसची मुळं दाट असतात, ती माती घट्ट बांधून टाकतात, भेगा बुजतात, दगड गवताच्या गादीखाली जातात, आणि मग एवढ्या मोठ्या कोळ्याला शिरायला फट राहत नाही आणि धावायला मोकळी जमीनही नाही.

आकडे देतो, म्हणजे तुला अंदाज येईल. पोर्तुगीज संशोधकांनी २०११ आणि २०१२ मध्ये तिथे नीट मोजणी केली आणि २०१४ मध्ये पेपर छापला. पूर्वी ८३ हेक्टरची अख्खी दरी या कोळ्याची होती, ती उरली २३ हेक्टर. एकरात सांगायचं तर दोनशेच्या वर होती ती सत्तावन्न एकरांवर आली, आणि या जातीचं सगळं जग तेवढंच आहे!! पूर्ण वाढलेल्या कोळ्यांचा अंदाज २०११ मध्ये ४४४७ आणि २०१२ मध्ये ४०८६. आणि पिल्लांचा आकडा बघ, एका वर्षी ७१,८३२ आणि पुढच्या वर्षी २४,६३५. म्हणजे मोठे फारसे कमी झाले नाहीत पण पिल्लं एकाच वर्षात तिसऱ्या हिश्शावर. असं वर-खाली होणं किड्या-कोळ्यांमध्ये नवीन नाही, पण जिथे गवत जास्त तिथे कोळी कमी हे त्या मोजणीत स्पष्ट दिसलं. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो 'अतिशय धोक्यात' या गटात आहे.

जाळण्याचा प्रयोग त्यांनी केलाय, तुझ्या आधी त्यांनाही ते सुचलंच होतं. जाळल्यावर वरचं गवत जातं पण मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि परत फुटतात, शिवाय आगीत तिथले बाकीचे जीव होरपळतात ते वेगळंच. बकऱ्या सोडल्या तर बकऱ्या नेमकं फालारिस निवडून खाणार नाहीत, कोवळी स्थानिक झाडं आधी खातील आणि खुरांनी माती-दगड उचकटतील, म्हणजे जिथून सुरुवात झाली तिथेच परत. म्हणून संशोधकांनी शेवटी सुचवलं काय, तर फक्त त्या गवतावर नेमकं मारलेलं तणनाशक, त्याच्या जोडीला नियमित मोजणी, आणि काही कोळी बेटाबाहेर नेऊन वाढवणं. मला स्वतःला तणनाशक हा शब्द ऐकला की धस्स होतं, आपल्याकडे ते कसं वापरलं जातं ते आपण बघतो, पण इथे मी त्यांच्या बाजूने आहे, कारण पर्याय करून बघून, मोजून मग ते या निष्कर्षाला आलेत आणि हातात वेळ कमी आहे. तू शेतकीचा आहेस, तण आणि तणनाशक दोन्ही तुला कळतं, अशा बेटांवर काम करायला उद्या तुझ्यासारख्यांचीच गरज पडणार आहे हे मनात ठेव.

प्रश्न : बेटाबाहेर वाढवले म्हणजे नक्की कुठे आणि ते जमलं का? — सोलापूर

जमलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल झूने मादेइराच्या वनखात्यासोबत हे काम घेतलं, २०१६ मध्ये बेटावरून काही कोळी नेले आणि २०१७ मध्ये तिथे पिल्लं झाली, ही जात प्राणिसंग्रहालयात वाढवण्याची ती पहिलीच वेळ. पुढे इतर काही प्राणिसंग्रहालयांनाही पिल्लं दिली, कारण सगळे एकाच छपराखाली ठेवले आणि काही आजार आला तर सगळंच जाईल. हे काम दिसतं तितकं सोपं नाही ताई, वुल्फ स्पायडर एकमेकांना खातात, त्यामुळे पिल्लं थोडी मोठी झाली की प्रत्येकाला वेगळ्या डबीत ठेवावं लागतं आणि प्रत्येकाला त्याच्या मापाचं जिवंत खाणं, आधी फळमाश्या मग मोठे किडे, वेगळं द्यावं लागतं. शेकडो डब्या आणि प्रत्येक डबी उघडून बघायची. जे लोक हे मन लावून करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण डबीतले कोळी म्हणजे विमा आहे, इलाज नाही. दरीतलं गवत हटलं नाही तर हे कोळी परत सोडणार कुठे? म्हणून दोन्ही कामं बरोबरीने चालावी लागतात आणि त्यातलं गवताचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, जरी बातमी नेहमी पिल्लांची होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. राग मानू नका पण एवढी माणसं अडचणीत असताना एका कोळ्यासाठी एवढा खटाटोप आणि पैसा कशासाठी? उद्या तो नाहीसा झाला तर जगाचं काय बिघडणार आहे? — नाशिक

सर, राग कसला, हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, तुम्ही स्वच्छ विचारलात.

तुमचं-माझं रोजचं काहीच बिघडणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. या कोळ्यातून औषध निघेल, अमुक फायदा होईल असं काही सांगून मी तुम्हाला पटवणार नाही. त्या दरीत मात्र बिघडेल, कारण तिथे किड्यांवर वचक ठेवणारा सगळ्यात मोठा शिकारी तोच आहे आणि तो गेला की त्याच्या खालचं सगळं गणित हलतं, कुठल्या दिशेने ते आधी कळत नाही.

पण मला मुख्य वाटतं ते वेगळं. बकऱ्या आपण नेल्या, ससे आपण नेले, गवत आपल्यामुळे पोचलं. तो कोळी लाखो वर्षं तिथे स्वतःचं बघून जगत होता, त्याने कोणाचं काही घेतलं नाही, आणि त्याचं घर आपल्या माणसांच्या हाताने ८३ चं २३ हेक्टर झालं. मग निस्तरायचं कोणी? पांडासारखा गोंडस असता तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. कोळी दिसला की चप्पल शोधायची हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं, म्हणून त्याच्या वाट्याला येणारी माया कमी, एवढाच फरक आहे, आणि मला तो न्याय वाटत नाही.

आणि याच बेटांवर प्रयत्नांना यश येतं हेही दिसलंय सर. मेडिटेरेनियन मॉन्क सील नावाचा समुद्रात राहणारा सस्तन प्राणी आहे, त्याची इथली संख्या १९८८ मध्ये सहा ते आठ इतकी खाली गेली होती, मग १९९० मध्ये देझेर्ताश बेटांना संरक्षण मिळालं, जाळी टाकून मासेमारी बंद झाली, पहारा बसला, आणि ते सील अजून तिथे आहेत आणि वाढलेत. शेजारच्या बुजिओ बेटावर एक समुद्रपक्षी आहे, देझेर्ताश पेट्रेल, तोही फक्त तिथेच अंडी घालतो. म्हणजे पहारेकरी, बोट, चौकी हा खर्च नुसता कोळ्यासाठी नाहीच, तो अख्ख्या बेटांसाठी आहे आणि कोळ्याला त्याचा फायदा मिळतो.

प्रश्न : भारतात असा एकाच जागी राहणारा कोळी आहे का? — लातूर

आहे, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही, शेजारच्याच राज्याच्या पलीकडे आंध्र प्रदेशात. पोएसिलोथेरिया मेटॅलिका, झाडाच्या ढोलीत राहणारा टॅरेंट्युला म्हणजे मोठा केसाळ कोळी, रंग असा चमकदार निळा की पहिल्यांदा फोटो बघितल्यावर खरा वाटत नाही. १८९९ मध्ये पोकॉक यांनी त्याचं वर्णन केलं, तो नमुना मिळाला होता गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडाच्या आवारात, म्हणजे बहुतेक लाकडासोबत कुठूनतरी आलेला. त्यानंतर शंभर वर्षं कोणाला दिसलाच नाही, २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात परत सापडला. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत तो राहतो आणि तोही 'अतिशय धोक्यात' या गटात आहे. इथे समुद्र नाही पण जंगल तुटत गेलं की उरलेला तुकडा बेटच होतो. त्याचा त्रास दुहेरी आहे, लाकूडतोडीने ढोलीवाली झाडं जातात आणि रंगामुळे हौशी लोक पाळायला मागतात.

प्रश्न : मला टॅरेंट्युला, मोठे कोळी पाळायची आवड आहे. देझेर्ताशचा कोळी विकत मिळेल का? — पुणे

नको रे. तो विकायची वस्तू नाही, आणि इतक्या कमी संख्येच्या जातीत एकाने मागितला की कोणीतरी चोरून पकडायला जाणार. कुठे कोणी ऑनलाइन विकत असेल तर तो फसवणूक तरी असेल नाहीतर चोरी. आवड खरी असेल तर कॅमेरा घे.

प्रश्न : आमच्या भाताच्या खाचरात बांधावर पाठीवर बारीक पिल्लं घेऊन पळणारा कोळी दिसतो, तो याच्या नात्यातला का? त्याला मारावं का ठेवावं? — संगमेश्वर, रत्नागिरी

नात्यातलाच, काकी. पाठीवर पिल्लं म्हणजे नक्की वुल्फ स्पायडरचंच कुळ, फक्त आकाराने खूप लहान. आणि त्याला अजिबात मारू नका, तो तुमचा बिनपगारी गडी आहे. भातातला पार्डोसा जातीचा कोळी तुडतुडे खातो, विशेषतः तपकिरी तुडतुडे, जे बुंध्याशी बसून रस शोषतात आणि मग पीक गोल गोल करपल्यासारखं दिसतं. भाताच्या किडींवर काम करणाऱ्यांनी हे पुष्कळ अभ्यासलंय, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की शेतात गरज नसताना सरसकट कीटकनाशक मारलं की आधी कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी पानाच्या आत सुरक्षित राहतात, आणि मग तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त येतात कारण त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. तेव्हा फवारणीच्या आधी बुंध्याशी वाकून बघा, तुडतुडे किती आणि कोळी किती, कोळी भरपूर असतील तर थोडं थांबून परत बघा, आणि शंका वाटली तर कृषी सहायकांना दाखवा.

मुलांना दाखवायचे असतील तर पावसाळ्यात रात्री टॉर्च डोळ्यांच्या अगदी शेजारी, कानाजवळ धरून बांधावर उजेड टाका, छातीजवळ धरलात तर दिसणार नाही. गवतात हिरवट-निळसर ठिणग्यांसारखे बारीक ठिपके चमकतात, ते यांचे डोळे. दवाचे थेंब पण चमकतात पण जवळ गेलं की कळतं, कोळी असेल तर ठिपका हलतो. पायात गमबूट घाला, साप असतात, आणि बघायला म्हणून दगड उचललात तर होता तसाच हळू परत ठेवा.